मोटारीची बैठक आणि घरची दुरुस्ती

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांसमोर सिंहासनें येतात. अमका राजा अमुक सालीं सिंहासनावर बसला, तमका पदच्युत झाला, हेंच मीं माझ्या साऱ्या नोकरींत मुलांकडून पाठ करवून घेतलें. आज मी ज्या आसनाविषयीं बोलणार आहें, तें याहून पुष्कळ साधें आहे. तें मोटार हांकणाराचें आसन होय. अलीकडच्या कांहीं मोटारींत हें आसन बटण दाबतांच विजेच्या बळावर पुढेंमागें सरकतें, वरखालीं होतें आणि त्याची पाठ हवी तशी कलते. तें अडलें तर थोड्या पैशांत घरच्या घरीं दुरुस्त करतां येईल काय, असा प्रश्न गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरांत उभा राहिला. तो सोडवितांना मला एका जुन्या इतिहासाचा धागा सांपडला आणि तो आपणांपुढें ठेवावा असें वाटलें. मी यंत्रशास्त्रज्ञ नव्हें; मॅट्रिक झालेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. चूकभूल द्यावी घ्यावी. त्यांतली एक चूक तर मी स्वतःच पुढें कबूल करणार आहें.

आमचें वरवट बकाल हें गांव बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांत आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस पूर्णेचें खोरें आणि मध्यें काळी, कपाशीची जमीन. शेगांव, जळगांव जामोद, संग्रामपूर अशा गांवांचे रस्ते आमच्या चौफुलीवर एकत्र येतात. त्यामुळें वाहन म्हणून जें जें या मुलखांत आलें, तें तें आमच्या दारावरून गेलें. १८७० सालीं खामगांवास आगगाडीचा फांटा आला. वऱ्हाडचा कापूस त्या पेठेकडे जाई तो बैलांच्या बंड्यांतून. माझ्या लहानपणापर्यंत वाहन याचा अर्थ आमच्याकडे बंडी असाच होता. पाहुणे आणावयाचे असले तर दमणी जुंपीत.

बंडीची मौज अशी कीं तिच्यांत लपलेलें असें कांहींच नसे. चाकाचा तुंबा, त्यांत बसविलेले आरे, भोंवतीं लांकडी पाट्यांचें कडें आणि त्या कड्यावर चढविलेली लोखंडी धाव, सारें उघड्यावर. हांकणारा पुढें पोत्याची घडी टाकून बसे. हीच त्याची बैठक. उन्हाळ्यांत लांकूड सुकून आकसे आणि धाव ढिली पडे. तेव्हां शेतकरी प्रथम एखादी पाचर ठोकी. तेवढ्यानें भागलें नाहीं तर चाक ओढ्याच्या पाण्यांत भिजत ठेवी, म्हणजे लांकूड फुगून धाव पुन्हां आंवळली जाई. तेंहि पुरें पडलें नाहीं, तरच तो लोहाराकडे जाई. मग लोहार धाव कमी करून, गोवऱ्यांच्या आरांत लाल करून चाकावर चढवी. वर पाणी ओततांच लोखंड आकसून लांकडाला कवटाळी. आखाला एरंडेलाचें काळें वंगण घालणें हें मात्र घरचेंच काम. तें राहिलें कीं चाक कुरकुरे, आणि कुरकुर ऐकून कोणती बंडी कोणाची हें अंधारांतहि ओळखूं येई.

यांतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पाचर घरची, वंगण घरचें, पण धाव लोहाराची, ही सीमा लहान पोरासहि ठाऊक असे. आपल्या हातांनीं काय करावें, आणि कोठें हात आंखडून जाणत्याकडे जावें, हें ज्ञान बंडीबरोबरच वारशानें मिळे. या व्यवस्थेचें मी गोडवे गात नाहीं. बलुतेदारींत लोहाराच्या मुलास लोहारच व्हावें लागे. त्याची मजुरी खळ्यावर, दुसऱ्याच्या मर्जीनें, धान्याच्या रूपांत ठरे. आणि ज्याच्या हातांवांचून गांव चालत नसे, त्याला पंगतींत मात्र शेवटीं बसावें लागे. ती व्यवस्था गेली हें बरेंच झालें. तिच्याबरोबर ती सीमा ओळखण्याची दृष्टीहि गेली, एवढेंच काय तें वाईट.

आतां मोटारीकडे वळूं. कार्ल बेंझ यानें आपल्या तीनचाकी गाडीचा हक्क १८८६ सालीं जर्मनींत नोंदविला. लोक त्या गाडीकडे कौतुकानें पाहत, पण विकत घेण्यास धजत नसत. तेव्हां १८८८ च्या ऑगस्टांत त्याची पत्नी बर्था हिनें नवऱ्यास न सांगतां आपल्या दोन मुलांना बरोबर घेतलें आणि मॅनहाइमहून फोर्झहाइम या आपल्या माहेरगांवीं ती गाडी नेली. शंभर किलोमीटरांहून अधिक प्रवास, आणि वाटेंत मोटार म्हणजे काय हें जाणणारा एकहि मनुष्य नाहीं. तेलाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. ठिणगीच्या तारेचें आवरण झिजलें, तेथें मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलें, तें वाटेवरच्या औषधांच्या दुकानांतून विकत घेतलें. साखळीचें काम निघालें तेव्हां मात्र ती लोहाराकडे गेली. आणि उतारावर ब्रेकचें लांकूड झिजून गेलें तेव्हां चांभाराकडून त्यावर कातडें ठोकून घेतलें. मोटारीच्या इतिहासांतला पहिला लांबचा प्रवास हा असा, आणि पहिली घरगुती दुरुस्तीहि हीच. आमच्या बंडीवाल्याची पाचर-वंगणाची सीमा या बाईनेंहि किती अचूक पाळली, तें पाहावें. टांचणीचें काम टांचणीनें केलें. साखळी आणि ब्रेक मात्र कसबी माणसाच्या हातीं दिले.

आपल्याकडे किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ याच १८८८ सालापासून मोजतो, आणि तो आरंभ म्हणजे बेळगांवांतलें सायकलींचें दुकान होय. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंत शिक्षक होते, ही गोष्ट मला शिक्षक म्हणून विशेष अभिमानाची वाटते. सायकलीपासून कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि तेथून लोखंडी नांगराकडे ते गेले. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली. हातांत पाना धरल्यानें मास्तराची प्रतिष्ठा कमी होत नाहीं, हें त्यांनीं दाखवून दिलें. आम्हीं पुढच्या मास्तरांनीं तो धडा गिरविला नाहीं, हा भाग वेगळा.

अमेरिकेंत १९०८ सालीं हेन्री फोर्डची मॉडेल टी ही गाडी निघाली आणि १९२७ पर्यंत ती दीड कोटींवर तयार झाली. तिच्यांत पेट्रोलची टांकी बहुतेक काळ पुढच्या बैठकीखालींच असे. पेट्रोल भरावयाचें तर बसणारांनीं खालीं उतरावें, गादी उचलावी, झांकण उघडावें. इंधन केवळ स्वतःच्या वजनानें यंत्राकडे वाहत असल्यामुळें, टांकींत पेट्रोल थोडें असलें आणि चढ उभा लागला, तर कित्येक जण गाडी उलटी वळवून मागच्या चालीनें चढ चढत. दुसऱ्या महायुद्धांतल्या विलीज जीपमध्येंहि टांकी हांकणाराच्या बैठकीखालींच होती. आणि त्याच जीपगाड्या महिंद्र कंपनीनें १९४७ पासून मुंबईंत जुळविण्यास आरंभ केला. त्या काळीं बैठकीखालीं काय आहे हें न पाहतां गाडी चालविणें शक्यच नव्हतें. आज मात्र बैठकीखालीं डोकावण्याचा प्रसंग माणसाला दहा वर्षांत एकदां येतो, तोहि पैसा हरवला म्हणून.

बैठकीला वीज कोठून आली? त्याचें मूळ चार्ल्स केटरिंग या कल्पक माणसाच्या कामांत आहे. पूर्वी मोटार सुरू करण्यास पुढें दांडा घालून हातानें फिरवावा लागे. तो उलटला कीं मनगट मोडे. विजेच्या मोटरनें हें काम करावें तर ती एवढी जंगी लागेल कीं गाडींत मावणार नाहीं, असा जाणत्यांचा हिशेब होता. केटरिंगनें पूर्वी दुकानांतल्या गल्ल्याच्या यंत्रासाठीं विजेची मोटर बसविली होती. गल्ल्याचा खण उघडण्यापुरतीच ती चालावयाची. लहान मोटरला क्षणभर तिच्या ताकदीपलीकडे राबविलें आणि लगेच विश्रांति दिली तर ती जळत नाहीं, हें त्यानें तेथें हेरलें होतें. तीच युक्ति १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत आली आणि हाताचा दांडा मागें पडला.

क्षणभर जोर करून थांबणारी मोटर, ही कल्पना एकदां रुजल्यावर ती गाडीच्या कानाकोपऱ्यांत शिरली. १९४० सालीं पॅकार्डनें खिडकीच्या कांचा यंत्रानें वरखालीं करून दाखविल्या. महायुद्धानंतर अमेरिकेंत बैठकाहि विजेवर सरकूं लागल्या. १९५७ सालीं मर्क्युरी आणि कॅडिलॅक यांच्या कांहीं गाड्यांत तर हांकणाराची बैठक लक्षांत ठेवणारी योजना आली. आपण उतरलों आणि दुसरा कोणी बसून गेला, तरी पुन्हां आपली जागा आपणांस मिळावी, अशी ती योजना.

आपल्याकडे मोटारीची बैठक पुष्कळ काळ साधीच राहिली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ पासून गाड्या बाहेर पडूं लागल्या. पुढें पद्मिनी या नांवानें प्रसिद्ध झालेल्या फियाट गाडींत, आणि २०१४ पर्यंत निघत राहिलेल्या ॲम्बॅसडरमध्येंहि, पुढें पुष्कळ वर्षें एकसंध बांकच असे. हांकणारा उंच असला तर बांक मागें; मग शेजारच्या ठेंगण्या माणसानेंहि मुकाट्यानें मागें जावयाचें. बांकाचें कातडें फाटलें तर मोची शिवी, आंतला काथ्या दबला तर गादीवाला भरी. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति आली आणि पुढें दोघांच्या दोन वेगळ्या बैठका, खालची दांडी उचलून सरकविण्याच्या, सर्वांच्या ओळखीच्या झाल्या. विजेच्या बैठका सामान्य माणसाच्या गाडीपर्यंत पोहोंचल्या त्या मात्र या शतकांतच. आणि आमच्यासारख्या गांवीं त्या आल्या जुन्या गाड्यांच्या विक्रींतून, पहिल्या धन्याच्या उपभोगाचीं दहा वर्षें अंगावर घेऊन.

आमच्या घरची गाडीहि अशीच जुनी घेतलेली. ती घेण्याचें कारण चैन नव्हे. माझ्या पत्नीचीं मूत्रपिंडें निकामी झालीं आहेत आणि तिला रक्तशुद्धीसाठीं आठवड्यांतून दोनदां अकोल्यास न्यावें लागतें. आमचा तालुका खारपाणपट्ट्यांत येतो. येथल्या विहिरींचें पाणी खारट, आणि मूत्रपिंडाच्या रोगानें आमच्या भागांतलीं किती घरें पोखरलीं आहेत, हें वऱ्हाडच्या वर्तमानपत्रांचा वाचक जाणतोच. मुलगा नोकरीसाठीं परगांवीं. मला गाडी चालवितां येत नाहीं. गाडी हांकते ती सूनबाई. ती बांध्यानें ठेंगणी. मुलगा चांगला उंच. दिवाळीस तो आला, बैठक अगदीं मागें सरकवून चार दिवस गाडी फिरविली आणि शेगांवाहून रात्रीच्या आगगाडीनें परत गेला. रविवारीं सकाळीं सूनबाईनें बटण दाबलें, तों बैठक हलेना. तिचा पाय ब्रेकपर्यंत पोहोंचेना. आणि मंगळवारीं अकोल्यास जाणें भाग.

शहरांतल्या एका मोठ्या कार्यशाळेंत फोनवरून विचारलें. त्यांनीं सांगितलें कीं बैठकीचा सबंध सांगाडा बदलावा लागेल, खर्च पस्तीस हजार रुपये, आणि माल येण्यास पंधरा दिवस लागतील. सूनबाई म्हणाली, "बाबा, पाठीशीं दोन उशा घेऊन मी चालवीन." मला तें पटलेंहि होतें. आज आठवलें कीं अंगावर कांटा येतो. उशी ही दाबली जाणारी वस्तु. एकाएकीं जोरानें ब्रेक दाबावयाचा तर पाय पुढें जाण्याऐवजीं पाठच उशींत रुतते. टक्कर झाली तर ती निसटते, आणि छातीवरचा पट्टा ढिला पडतो.

माझी दुसरी चूक याहून मोठी. गाडीच्या पुस्तकांत पाहून मीं फ्यूजांची पेटी उघडली. बैठकीचा फ्यूज जळालेला दिसला. आमच्या पिढीनें घरोघरीं चिनी मातीच्या फ्यूजांत तार घालून दिवे लावले आहेत. त्या विद्येचा गर्व असा कीं, नवा फ्यूज आणण्याऐवजीं मीं तेथें तांब्याची जाड तार अडकविली आणि बटण दाबलें. एक गुरगुर ऐकूं आली, आणि मग जळका वास. बैठकीखालच्या गालिच्यांतून धुराची रेघ निघाली. सूनबाईनें धांव घेऊन बॅटरीची तार काढली म्हणून गाडी वांचली.

त्या संध्याकाळीं चौफुलीवरच्या मिस्त्रीस बोलाविलें. तो माझाच विद्यार्थी. त्याचे आजोबा आमच्या गांवच्या बंड्यांना धावा चढवीत. त्याला मीं वर्गांत कितीदां तरी मागच्या बांकावर उभें केलें होतें, कारण सनावळी त्याच्या डोक्यांत शिरत नसे. माझी तांब्याची तार पाहून तो हंसला नाहीं. एवढेंच म्हणाला, "गुरुजी, फ्यूज हा चौकीदार आहे जी. चौकीदारानं ओरडून सांगितलं का घरात काही गडबड आहे, अन् तुम्ही त्यालेच झोपवलं."

मग त्यानें जें केलें, तें क्रमानें सांगतों. कारण स्वस्त दुरुस्तीचें सारें रहस्य त्या क्रमांत आहे.

प्रथम त्यानें बॅटरीची ऋण तार काढून दहा मिनिटें नुसती वाट पाहिली. अलीकडच्या कित्येक गाड्यांत अपघाताच्या वेळीं फुगणारी हवेची पिशवी बैठकीच्या कुशींत असते. तिची वीज कांहीं मिनिटें साठून राहते. तिच्या जोडण्या बहुधा पिवळ्या रंगाच्या असतात. त्या सोडाव्या लागल्या तर गाडीची किल्ली पुन्हां जोडणी होईपर्यंत फिरवावयाची नाहीं, आणि त्या तारांना दिवा किंवा मापकयंत्र लावून पाहण्याचा उद्योग तर कधींच करावयाचा नाहीं.

नंतर तो विजेरी घेऊन पालथा पडला आणि रुळ तपासूं लागला. बैठक ज्या दोन लोखंडी रुळांवर सरकते, त्यांतल्या डाव्या रुळाच्या मागच्या टोंकाशीं दहा रुपयांचें एक नाणें उभें अडकलें होतें. बैठक अगदीं मागें गेली ती त्याच्यावर चढून घट्ट बसली. मोटरनें जोर केला, पण ती फिरेना; आणि अडलेली मोटर फिरत्या मोटरीपेक्षां कितीतरी अधिक वीज ओढते. फ्यूज जळाला तो म्हणून. फ्यूज हा रोग नव्हता, रोगाचें लक्षण होतें. मी लक्षणावर पांघरूण घालावयास गेलों आणि ती सारी वीज तारांच्या अंगावर घेतली. एका तारेचें आवरण वितळलेंच होतें.

नाणें आंकड्यानें ओढून काढलें. पण बैठक मागें असतांना पुढचे दोन बोल्ट उघडे असतात आणि मागचे दोन झांकलेले. मागचे सोडावयाचे तर बैठक पुढें आली पाहिजे, आणि ती तर हलत नाहीं. हा पेंच त्यानें मोठ्या शांतपणें सोडविला. या यंत्राची रचना अशी: मध्यें एक लहान मोटर; तिच्या दोन्ही बाजूंस प्लॅस्टिकच्या नळींतून जाणाऱ्या, वळणाऱ्या तारांच्या दोन केबली; प्रत्येक केबल आपल्या बाजूच्या दांतेदार चाकांच्या डबींत शिरते, आणि ती डबी रुळांतला लांब मळसूत्री दांडा फिरवते. दांडा फिरला कीं बैठक सरकते. विजेची दिशा बटणानें उलटी केली कीं बैठकहि उलट दिशेनें जाते. मिस्त्रीनें केबलींचीं टोंकें मोटरींतून काढलीं आणि हातानें फिरविण्याच्या गिरमिटाला लावून, थोडें या बाजूचें, थोडें त्या बाजूचें, असें फिरवीत बैठक बोटाबोटानें पुढें आणली. दोन्ही रुळांवर ती समान अंतरावर आहे कीं नाहीं, हें तो दर वेळीं पट्टीनें मोजून पाही. एक बाजू पुढें आणि एक मागें राहिली तर बैठक तिरपी होऊन पुन्हां अडते.

बैठक कलती केल्यावर दुसरा दोष दिसला. डाव्या केबलीचें टोंक डबीच्या चौकोनी भोंकांत नीट पोहोंचतच नव्हतें. नळी लांब आणि आंतली तार आंखूड पडलेली. त्यानें धारदार पात्यानें नळीचा टोंकाकडचा अगदीं थोडा, दोन-तीन मिलिमीटरांचा, भाग सरळ कापला; त्याबरोबर तार तेवढी बाहेर आली आणि डबींत घट्ट बसली. कार्यशाळेनें सांगाडा बदलावयास सांगितला होता, त्या दोषाचा उपाय हा एवढा.

तिसरा दोष आमच्या मातीचा. तारांच्या जोडण्यांतल्या पितळी टोंकांवर पांढरट-हिरवी बुरशी धरली होती. आम्ही गाडी धुतों ती आमच्याच विहिरीच्या पाण्यानें, आणि पावसाळ्यांत ओले पाय घेऊन बसतों. तें खारें पाणी गालिच्याखालीं झिरपतें, सुकतें आणि मीठ मागें ठेवतें. मीठ धातूस खातें. मग वीज पुरती पोहोंचत नाहीं आणि मोटर कण्हूं लागते. ज्या पाण्यानें माझ्या पत्नीच्या शरीराची ही दशा झाली असें आम्ही समजतों, तेंच बैठकीखालींहि जाऊन बसलें होतें. मी कांहीं वेळ त्या टोंकांकडे पाहत राहिलों. मिस्त्रीनें तीं फवाऱ्यानें व बारीक ब्रशानें स्वच्छ केलीं, जळलेल्या तारेच्या जागीं तितक्याच जाडीची नवी तार जोडली, रुळांतलें वाळून कडक झालेलें जुनें वंगण पुसून नवें पांढरें वंगण लावलें आणि नेमक्या आंकड्याचा नवा फ्यूज बसविला.

मध्यें एकदां माझ्यांतला काटकसरी मास्तर पुन्हां जागा झाला होता. मीं म्हटलें, "अरे, एवढी खटपट कशाला? सूनबाईला पुरेल तेथें बैठक आणून वेल्डिंगनें पक्कीच करून टाक." तो एकदम गंभीर झाला. "नाही जी गुरुजी. हा रूळ टकरीच्या वेळी माणसाले धरून ठेवते. याले आंच लावली तं लोखंडाचा दम जाते. हे काम मी कोणालेच करून देत नाही, अन् तुम्हाले तं नाहीच." चारी बोल्ट त्यानें मापाच्या पान्यानें, पुस्तकांत दिलेल्या जोराइतके आंवळले, आणि मगच बॅटरी जोडली.

बटण दाबतांच बैठक सरळ पुढें आली. सामानाचे साडेतीनशें रुपये झाले. मजुरी तो घेईना, तेव्हां पांचशें रुपये त्याच्या खिशांत बळेंच घातले. आठशें पन्नासांत काम झालें, आणि नाणें परत मिळालें तें वेगळेंच.

श्रोतेहो, पस्तीस हजारांचें काम आठशें पन्नासांत झालें, एवढेंच सांगण्यासाठीं मी आपला वेळ घेतला नाहीं. त्याच रविवारीं अडीच आण्यांच्या तारेनें माझी गाडी पेटणार होती, हेंहि तितकेंच खरें आहे. स्वस्त दुरुस्ती आणि घातक दुरुस्ती यांच्यांतला फरक पैशांचा नाहीं. काय बिघडलें हें आधीं शोधलें कीं नाहीं, याचा आहे. रुळांतील कचरा काढणें, वंगण घालणें, फ्यूज पाहणें, जोडण्या कोरड्या व स्वच्छ ठेवणें, बैठकीखालीं पाण्याची बाटली वा खेळणीं न ठेवणें, हें ज्याचें त्यानें करावें. ही आपली पाचर आणि आपलें वंगण. पट्टा, हवेची पिशवी, रूळ आणि बोल्ट यांना मात्र जाणत्याचाच हात लागावा. ती लोहाराची धाव. बर्था बेंझला हें १८८८ सालीं कळत होतें. आमच्या बंडीवाल्यासहि कळत होतें. छत्तीस इयत्तांना इतिहास शिकविणाऱ्या मास्तरास तें कळण्यासाठीं मागच्या बांकावरचा विद्यार्थी घरीं बोलवावा लागला.

जातांना मीं त्याला विचारलें, "तुला माझ्या तासाला कांहींच येत नसे. मग हें सारें लक्षांत कसें राहतें?" तो म्हणाला, "गुरुजी, सनावळी डोळ्यानं दिसत नव्हती जी. हे दिसते." मला उत्तर सुचलें नाहीं. एखाद्या मोडक्या सायकलीच्या साखळीवरून मीं त्याला १८८८ साल शिकविलें असतें, तर कदाचित् तेंहि त्याला दिसलें असतें.

मंगळवारीं पहाटे आम्ही अकोल्यास निघालों. सूनबाईनें बैठक पुढें घेतली, पाय ब्रेकवर ठेवून दोनदां दाबून पाहिला आणि मगच किल्ली फिरविली. मागें पत्नी डोळे मिटून बसली होती. चौफुलीवर मिस्त्रीचें दुकान अजून बंद होतें.